ड्रमवाल्याची बाही

मास्तरांनी शिवणाच्या दुकानाला भरदुपारी कुलूप घातलं, तेव्हा समोरच्या न्हाव्याला वाटलं, घरात काहीतरी वाईट घडलं. तोंडाला फेस लावलेलं गिऱ्हाईक तसंच सोडून तो चौकशीला धावला. मास्तर म्हणाले, तसं काही नाही, गाणं ऐकायला चाललोय.

गाणं साधंसुधं नव्हतं. ज्या रॉक बँडच्या कॅसेटींवर मास्तरांचं मशीन उभा जन्म चाललं, तो बँड लेकीच्या कॉलेजच्या गावात येणार होता, आणि हा त्यांचा अखेरचा कार्यक्रम. तरुणपणी दोनदा संधी आली होती. दोन्ही वेळा ती लोकांच्या लग्नाच्या कपड्यांनी खाल्ली. आता हुकलं की जन्माचं हुकलं. लेकीने तिकीट काढून दिलं आणि बजावलं, "बाबा, माझ्या मैत्रिणी असतील. कुणाचे कपडे तपासायचे नाहीत."

मास्तरांनी मनापासून कबूल केलं. पण माणसाचं मन वेगळं आणि हात वेगळे.

दारावरच्या रखवालदाराने त्यांच्या खिशातली छोटी कात्री काढून घेतली. कॉलरखाली टोचलेली, दोरा ओवलेली सुई मात्र त्याला दिसली नाही. ती आता मास्तरांच्या अवयवांतच जमा होती. लेक मैत्रिणींबरोबर पहिल्या रांगेत जाऊन बसली आणि मास्तर सभागृहामागच्या नळावर पाणी प्यायला गेले. पुढे पिकल्या केसांचा एक गृहस्थ ओंजळीने पाणी पीत होता. त्याच्या चकचकीत कोटाच्या खांद्यावर एक धागा लोंबत होता. मास्तरांनी आभाळाकडे पाहिलं. झाडाकडे पाहिलं. लेकीला दिलेला शब्द आठवला. आणि धागा ओढला.

तयार कपड्यांची ती शिलाई, एक टोक हाती लागलं की सुटतच जाते. गृहस्थ वळेपर्यंत अख्खी बाही खांद्यावरून निसटून मनगटाशी येऊन बसली होती.

"मला आता स्टेजवर जायचंय," तो शांतपणे म्हणाला.

तेव्हा कुठे मास्तरांना ओळख पटली. हा तर ड्रमवाला. पोस्टरवर इतकी वर्षं त्याचं तोंड झांजांच्या आड, मग ओळखायचं कशावरून? अंगावरच शिवतो, हलू नका, म्हणत मास्तरांनी सुई काढली. आतून गिटारी जुळवल्याचे आवाज येत होते. त्या घाईत मास्तरांनी जन्मात घातले नसतील असे पक्के टाके घातले. दुहेरी दोरा, टाक्यावर टाका. गाठ मारून हात मागे घेतला, तर हाताबरोबर ड्रमवालाही मागे आला.

मास्तरांनी कोट शिवला होता, कोटाला आतला शर्ट शिवला होता, आणि त्या दोघांना स्वतःच्या शर्टाची बाही शिवली होती.

"तोडा दातांनी," ड्रमवाला म्हणाला.

"दातांनी तुटेल असं शिवत असतो, तर दुकान कधीच बंद पडलं असतं," मास्तर खालच्या मानेने म्हणाले.

स्वतःचा शर्ट काढून द्यावा, तर आतल्या बनियनला पुढून खिडकी आणि मागून दार. जगाची फाटकी शिवताना घरचं बघायला सवड कुणाला? आणि स्टेजसमोर लेक बसलेली. बँडचा एक माणूस कात्री शोधायला पळाला. तेवढ्यात बँडच्या नावाचा पुकारा झाला. ड्रमवाल्याने सुस्कारा सोडला आणि म्हणाला, "चला. माझ्या मागे वाकून बसा."

पहिल्या गाण्यात मास्तरांचा हात नुसता फरफटत गेला. दुसऱ्यात मागोमाग गेला. तिसऱ्यात ड्रमवाल्याचा हात जड पडू लागला. मान न वळवता तो पुटपुटला की खांदा कामातून गेलाय, त्यापायीच हे सगळं बंद करतोय. त्या गाण्याचा प्रत्येक ठोका मास्तरांनी पायांनी मशीनवर तुडवलेला होता. ठोका यायच्या जरा आधी ते दुसऱ्या हाताने खालून त्याचं कोपर हलकेच उचलू लागले. ड्रम पुन्हा तरुणासारखा वाजू लागला.

मास्तरांना बँडमधल्या एकाचंही तोंड दिसत नव्हतं. दिसत होत्या चार पाठी, आणि पलीकडे लेक. मैत्रिणी मास्तरांकडे बोट दाखवत होत्या. लेकीने आधी तोंडावर हात घेतले, मग तेच हात वर करून ती टाळ्या पिटायला लागली. मास्तरांचे डोळे भरून आले, पण पुसायला हात मोकळा कुठे होता? त्यांनी मनातल्या मनात सगळ्यांचे आभार मानले: लेकीचे, कारखान्यातल्या कच्च्या शिलाईचे, रखवालदाराचे, फाटक्या बनियनचेसुद्धा.

शेवटच्या गाण्याआधी तो पळालेला माणूस कात्री घेऊन रांगत रांगत आला. मास्तरांनी जड मनाने बाही पुढे केली. ड्रमवाल्याने कात्री हातात घेतली, नीट न्याहाळली, आणि पायाने मोठ्या ड्रमखाली सरकवून दिली.

"मास्तर," तो म्हणाला, "हे गाणं लांबलचक आहे. दुसऱ्या बाहीला पुरेल एवढा दोरा आहे का?"