अर्ध्या वजनाची गाडी

डावा पाय टेकवायचा की उजवा, एवढाच प्रश्न होता. मी डावा टेकवला. पुढचं सगळं त्यातून झालं.

केस कापायच्या दुकानासमोरचा तो सिग्नल. तिथे रस्ता डावीकडे गटाराच्या दिशेने जरासा उतरतो. जरासा म्हणजे माझ्या बुटाच्या टाचेएवढा. पण माझी गाडी होती तीनशे चौऱ्याहत्तर किलोंची, आणि तेवढ्या वजनाला टाचेएवढा उतार पुष्कळ झाला. गाडी पडली असं मी म्हणणार नाही. ती बसली. अगदी सावकाश, विचार करून बसली. तिच्याबरोबर मीही बसलो.

दुकानातून कारागीर धावत आला, त्याच्यामागून गळ्यात टॉवेल बांधलेलं, अर्धी दाढी झालेलं एक गिऱ्हाईक आलं, आणि पलीकडून सायकल टाकून पोस्टमन आला. तिघांनी आणि मी (माझा वाटा मुख्यतः सूचनांचा होता) मिळून गाडी उभी केली. पोस्टमनने हात झटकले आणि म्हणाला, "काका, आता जरा हलकी घ्या."

गुडघा फुटला होता, त्याचं काही वाटलं नाही. 'काका' लागलं. पोस्टमन स्वतः निवृत्तीला आलेला होता.

ही गाडी मी पन्नाशीला घेतली होती. लांबच्या प्रवासाची, टूरिंग मोटरसायकल. पुढे काच, मागे तीन पेट्या, रेडिओ, थंडीत हँडल गरम करायची सोय, आणि बटणं इतकी की त्यातली चार कशाची आहेत हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. हिच्यावरून देश पालथा घालायचा असा बेत होता. सहा वर्षांत सगळ्यात लांबचा प्रवास झाला तो चुलतभावाच्या घरापर्यंत, आणि तो घरी नव्हता. बायको तिला 'थोरली' म्हणायची. "थोरलीला पुसून झालं असेल तर धाकटीकडे बघा," असं ती कधीकधी म्हणायची. धाकटी म्हणजे ती स्वतः.

मी लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत तक्रारी नोंदवायच्या टेबलावर बसतो. आमच्या धंद्यात एक माणूस म्हणजे अडुसष्ट किलो, असं माप असतं. त्या हिशेबाने थोरली साडेपाच माणसांची होती. गेली सहा वर्षं प्रत्येक सिग्नलला मी साडेपाच माणसं एका पायावर तोलून धरत होतो. हे कळायला मला आधी गटाराशेजारी बसावं लागलं.

घरी आलो तर बायको समोरच. ती मोठ्या दवाखान्यात सिस्टर आहे. सिस्टर लोक माणसाचा चेहरा नंतर बघतात, जखम आधी.

"गुडघ्याला काय झालं?"

इथे खरं सांगता आलं असतं. 'मला गाडी झेपत नाही,' चार शब्द. पण तोंडातून भलतंच निघालं.

"मी गाडी विकतोय."

"अगंबाई! का?"

"तुझ्यासाठी. तुझ्या कमरेसाठी."

बायकोच्या कमरेबद्दल सांगायला हवं. तिची कंबर गेली कित्येक वर्षं दुखते, म्हणून ती माझ्या गाडीवर बसत नाही. तशी दवाखान्यात ती दिवसभर पेशंट उचलते, वळवते, स्ट्रेचर ढकलते. तेव्हा कंबर गप्प असते. माझ्या गाडीचं नाव काढलं की मात्र चमक मारते. मी तिच्याच दवाखान्यातल्या एका डॉक्टरांना विचारलंही होतं. ते म्हणाले, कंबर ही फार गुंतागुंतीची गोष्ट आहे. माझं समाधान झालं.

"हलकी क्रूझर घेऊ," मी म्हणालो. "बसकी असते. चढायला-उतरायला सोपी. मग तूही मागे बसशील."

बायको खुर्चीत बसली. तिचे डोळे भरून आले. "माझ्यासाठी तुम्ही थोरलीला काढणार?"

"तुझ्यापुढे थोरलीचं काय एवढं?" (हे वाक्य इतकं छान आलं की मला ते पुन्हा एकदा म्हणावंसं वाटलं.)

लग्नाला एकोणतीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तिने माझ्याकडे असं कधी पाहिलेलं मला आठवत नाही. कौतुक होतं, आणखीही काहीतरी होतं, ते मला नीट कळलं नाही. ती नजर मला फार आवडली. खरं कळलं तर ती जाणार, हेही त्याच क्षणी लक्षात आलं. पुढचे पंधरा दिवस मी जे काही केलं, ते केवळ ती नजर टिकावी म्हणून केलं.

संध्याकाळी सासूबाईंचा फोन. एरवी त्या माझ्याशी 'पाऊसपाणी काय म्हणतंय' याच्या पुढे जात नाहीत. म्हणाल्या, "जावईबापू, तुमच्यासारखा माणूस शोधून सापडायचा नाही." मग त्यांना खोकल्याची मोठी उबळ आली आणि फोन ठेवावा लागला.

थोरलीला एक दातांची डॉक्टर घेऊन गेली. बाई माझ्या खांद्याला लागेल एवढी. तिने गाडी स्टँडवरून काढली, जागच्या जागी वळवली आणि जाताना एका हाताने मला टाटा केला. ते दृश्य विसरायचा मी प्रयत्न करतो आहे.

मग आम्ही शोरूममध्ये गेलो. एक टायवाला हसत पुढे आला.

"या सर! कुणासाठी बघताय?"

"माझ्या..." मी म्हणालो.

"माझ्या कमरेसाठी," बायको म्हणाली.

टायवाल्याने एक क्रूझर दाखवली. मी बसलो आणि दोन्ही पाय जमिनीला लागले. चवडे नव्हेत, टाचा! दोन्ही टाचा! डोळ्यांत पाणी यायचं तेवढं बाकी राहिलं. पत्रकात वजन पाहिलं: एकशे सत्त्याऐंशी किलो. थोरलीच्या बरोब्बर निम्मं. पावणेतीन माणसं. मी मनातल्या मनात पोस्टमनला नमस्कार केला.

"मागची सीट अरुंद वाटते," बायको म्हणाली.

"रुंद बसवून देऊ ना मॅडम. जाड, मऊ."

मी पत्रकाची मागची बाजू पाहिली. रुंद सीट, आठ किलो. असू दे.

"आणि पाठ टेकायला?"

"बॅकरेस्ट!" चार किलो.

"पाय लोंबकळले की माझ्या कमरेवर ताण येतो हो."

टायवाल्याने छातीवर हात ठेवला. "मॅडम, फूटबोर्ड." सहा.

बायकोने माझ्याकडे पाहिलं. "फार होतंय का? तुम्ही नको म्हणालात तर मला चालेल. खरंच चालेल."

आता इथे काय म्हणणार? पावणेतीन माणसांवर एक किलोही नको, असं म्हटलं की 'का' असं विचारलं जाणार, आणि ते 'का' थेट गटारापर्यंत जाणार. मी म्हणालो, "अगं, तुझ्या कमरेपुढे फूटबोर्ड म्हणजे काय! लावा हो."

ती थोडी हिरमुसल्यासारखी दिसली. मला वाटलं, बिचारी संकोचली. मी आणखी उदार झालो.

"वाऱ्यानेसुद्धा चमक मारते," ती जरा थांबून म्हणाली.

"पुढे मोठी काच," टायवाला म्हणाला. पाच.

"आणि गाडी कुठे कलंडली तर?"

माझं धाबं दणाणलं. हिला कुणी सांगितलं की काय? पण टायवाला तोवर लोखंडी गार्ड घेऊन आलाही होता. पुढचा बारा किलो, मागचा दहा.

"गरम पाण्याची पिशवी, उशी, मलमं... ती कुठे ठेवायची?" हे विचारताना बायकोचा आवाज अगदी निर्वाणीचा होता. दोन बाजूंना दोन पेट्या, पंधरा किलो. छत्री आडवी मावेना म्हणून वर एक तिसरी पेटी, आठ.

"अहो, नको म्हणा ना आता," ती माझ्या कानात म्हणाली.

"तू काही बोलू नकोस," मी म्हणालो. "लावा!"

टायवाला भारावला. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "असे मिस्टर आजकाल राहिले नाहीत, सर." मी बेरीज करत होतो. अडुसष्ट. एक अख्खा माणूस. माझ्या हलक्या गाडीवर एक न दिसणारा गृहस्थ कायमचा बसवण्यात आला होता, आणि त्याला उतरवायचं कारण माझ्याकडे नव्हतं. (बायकोचं वजन या बेरजेत धरलेलं नाही. मी मूर्ख आहे, पण तेवढा नाही.)

गाडी घरी आली. काच, तीन पेट्या, गार्ड. शेजारचे निवृत्त मास्तर तिला बघून म्हणाले, "रंग दिलात वाटतं जुन्याच गाडीला?" मी हसून वेळ मारून नेली. आठवडाभर रोज सकाळी पार्किंगमधल्या दोन खांबांच्या मधोमध ती डावीकडे झुकवायची आणि परत सरळ करायची, असा सराव केला. खांब होते म्हणून जमलं.

रविवारी पहिली फेरी. दवाखान्यात बातमी पसरली होती की सिस्टरांच्या मिस्टरांनी सिस्टरांच्या कमरेसाठी गाडी बदलली, तेव्हा गाडी दाखवायला दवाखान्याच्या दारात जायचं ठरलं. बायको तोंड घट्ट मिटून मागे बसली. मी तिला विचारलं, "कंबर कशी आहे?" ती म्हणाली, "बरी आहे." तिने मला विचारलं, "तुम्हाला जमतंय ना?" मी म्हणालो, "मला काय झालंय!"

दवाखान्याच्या दारात तिच्या वॉर्डातल्या चार-पाच जणी उभ्या होत्या. सगळ्यांना नीट दिसावी म्हणून मी गाडी ऐटीत वळवून आडवी थांबवली. जिथे थांबवली तो स्ट्रेचर न्यायचा उतार होता. मी डावा पाय खाली सोडला. पाय गेला, गेला, आणि जमीन काही येईना.

गाडी बसली. बायको बसमधून उतरावं तशी शांतपणे उतरली. मी काचेला धरून राहिलो होतो, तो काचेसकट खाली गेलो. दोघीजणी धावत आल्या, तर बायको म्हणाली, "बाजूला व्हा गं."

तिने गाडीकडे पाठ केली, पदर खोचला, गुडघे वाकवून खाली बसली, एका हाताने हँडल धरलं, दुसऱ्याने गार्ड, आणि "हं" म्हणून उभी राहिली. तिच्याबरोबर पावणेचार माणसं उभी राहिली. स्टँड पायाने लावला आणि हात पुसले.

"यात काय नवल," एक तरुण सिस्टर मला म्हणाली. "काल आमचं औषधांचं लोखंडी कपाट यांनी एकटीने सरकवलं."

बायको माझ्याकडे बघेना. मी तिच्याकडे बघेना. मैत्रिणींनी आत काढता पाय घेतला. आम्ही दारातल्या बाकावर बसलो, जिथे एरवी पेशंटचे नातेवाईक बसतात.

"मला ती गाडी झेपत नव्हती," मी शेवटी म्हणालो. "सिग्नलला बसली. चार माणसांनी उचलली. पोस्टमन मला काका म्हणाला. तुझ्या कमरेचं मी आयत्या वेळी सांगितलं."

ती बाकावरची धूळ बोटाने पुसत राहिली. मला वाटलं, गेली ती नजर. एकोणतीस वर्षांनी मिळाली आणि पंधरा दिवसांत गेली. मला खरंच वाईट वाटलं.

"माझी कंबर कधीच दुखत नव्हती," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"बसायला नको म्हणून सांगायचे. आईला ठाऊक होतं, म्हणून तर तिला फोनवर तेवढा खोकला आला. आणि तुम्ही त्या कमरेसाठी थोरलीला काढलंत तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता खरं कुठल्या तोंडाने सांगू? म्हटलं, शोरूममध्ये एवढ्या मागण्या करू की तुम्हीच वैतागून म्हणाल, राहू दे, मी एकटाच फिरतो. तर तुम्ही आपले लावा, लावा, लावा!"

तेव्हा डोळे का भरले होते ते मला आत्ता कळलं. पण आम्ही दोघंही हसायला लागलो होतो. उद्याच सगळं उतरवून टाकायचं, पेट्या, गार्ड, काच, असं तिथल्या तिथे ठरलं. मला इतकं हलकं वाटलं की मी जरा सैलावलो आणि एक प्रश्न विचारला. तो विचारायला नको होता.

"पण बसायचं का नव्हतं? वेगाची भीती वाटायची?" (माझ्या आवाजात थोडा अभिमान होता, मी नाकारत नाही.)

"वेगाची?" तिने पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. "अहो, तुमच्या मागे बसलं की रस्त्याने जाणाऱ्या बायका माझ्याशी गप्पा मारतात. थांबून नव्हे, चालता चालता. मागे एकदा शाळेतल्या जुन्या बाई भेटल्या. सुनेचं अख्खं बाळंतपण सांगून झालं, आणि मग 'मला जरा घाई आहे गं' म्हणून पुढे निघून गेल्या."

"काही लोक चालतातच भरभर," मी म्हणालो.

"त्यांच्या हातात काठी होती."

मी उगाच खिशात गाडीची किल्ली शोधू लागलो. ती उठली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "आता लपवायचं काही उरलं नाही, तर मी आपली चालत जाते. तुम्ही या गाडीवरून."

घर तिथून एका सरळ रस्त्यावर आहे. मध्ये सिग्नल नाही, चढ नाही, गर्दी नव्हती. मी मुद्दाम जोरात आलो. पोचलो तेव्हा तिचा चहा पिऊन झाला होता, कप विसळून पालथा घातलेला होता, आणि माझा निवून जाऊ नये म्हणून तिने तो अजून गॅसवर ठेवलाच नव्हता.