हिल्डाने दार उघडलं आणि...

पाहुण्या यायला जेमतेम तास उरला होता आणि व्हर्ना टॉलेफसन पुस्तकांच्या कपाटामागची धूळ झटकत होती. तिथे कुणी डोकावणार नव्हतं, पण पाहुणे येणार म्हटलं की व्हर्नाला कुठलीच धूळ बघवत नसे. झाडूबरोबर एक पानांचा जुडगा बाहेर आला. तिने तो उजेडात धरला आणि मटकन खुर्चीत बसली. तिच्या सगळ्यात लाडक्या कादंबरीची ती शेवटची दोन प्रकरणं होती.

पुस्तक जुनं, बांधणी खिळखिळी. शेजारच्या बेव्हर्लीला वाचायला देताना तिने ते कपाटातून ओढलं, तेव्हाच मागचा भाग सुटून पडला असणार. पुस्तकंही म्हातारी होतात, त्याचं काही नाही. पण मग बेव्हर्ली रडली कशी?

कारण बेव्हर्ली रडली होती. "अगं, काय तो शेवट! उशी भिजली माझी!" असं तिने चर्चमधल्या कॉफीच्या वेळी सगळ्यांसमोर सांगितलं होतं. तिच्याकडून पुस्तक लॉरेटाकडे गेलं. "असा शेवट वाचलाच नव्हता मी," लॉरेटा म्हणाली, आणि तेवढं मात्र खरं होतं. तिच्यानंतर ऑड्रीची पाळी. ऑड्रीने नुसता छातीवर हात ठेवला.

या कौतुकाने व्हर्ना हुरळून गेली होती. तिची बहीण मार्गिट होती तोवर दोघी या कादंबरीवरून तासन् तास भांडत. मार्गिट गेली आणि भांडायला कुणी उरलं नाही. कादंबरी एकटीने वाचता येते, पण तिच्याबद्दल एकटीने बोलणार कसं? म्हणून तर आजचा घाट घातला होता. कॉफी, लिंबाच्या वड्या आणि पोटभर गप्पा.

आता आमच्या मिनेसोटात कुणाच्या तोंडावर वाईट म्हणायची पद्धत नाही. घास घशाखाली उतरला नाही तरी माणूस हसून "वेगळंच आहे हो" म्हणतो आणि रुमालात गुंडाळतो. हे व्हर्नाला जन्मापासून माहीत होतं. तरीही तिने पानं एप्रनच्या खिशात घातली आणि ओठ घट्ट मिटून कॉफी ठेवली.

तिघी आल्या. लॉरेटाने किसलेलं गाजर घातलेली हिरवी जेली आणली होती. "वेगळीच आहे हो," बाकीच्या तिघी म्हणाल्या.

"मग?" व्हर्नाने गोड आवाजात विचारलं. "हिल्डाने शेवटी जे केलं, ते पटलं का तुम्हाला?"

चमचे थांबले.

"बिचारी!" बेव्हर्लीने सुस्कारा सोडला. "गेली शेवटी."

"गेली?" लॉरेटा म्हणाली. "लग्न झालं ना तिचं?"

"लग्न झालं आणि मग गेली."

"आणि ती जुळी?" ऑड्री बोलून गेली.

"लग्न कुणाशी झालं गं?" व्हर्नाने विचारलं.

"त्याच्याशीच की. दीपगृहवाल्याशी," बेव्हर्ली म्हणाली.

"दीपगृह हिल्डाच सांभाळते," व्हर्ना म्हणाली.

"म्हणून तर जमलं ना दोघांचं!" लॉरेटा म्हणाली.

"ज्याला त्याला आपापला शेवट दिसतो, हीच तर मोठ्या लेखनाची खूण," ऑड्रीने समारोप केला, आणि तिघींनी समाधानाने माना डोलावल्या. व्हर्नाचा हात एप्रनच्या खिशाकडे गेला.

तेवढ्यात बेल वाजली. दारात समोरच्या घरातले आर्नी कोस्केला उभे होते. निवृत्त दंतवैद्य, बायकोच्या माघारी एकटेच राहणारे. माणूस असा फटकळ की मिनेसोटात जन्मला कसा, हाच प्रश्न. बुटांना बर्फ, टोपी कपाळावर, आणि हातात व्हर्नाची कादंबरी.

"आत टॉलेफसन नाव आहे म्हणून आलो," ते म्हणाले. "कोपऱ्यावरच्या फुकट पुस्तकांच्या पेटीत मिळालं. 'हिल्डाने दार उघडलं आणि...' आणि काय? पुढची पानं कुठायत? झोप उडालीय माझी!"

"पेटीत?" व्हर्ना लॉरेटाकडे वळली.

"ऑड्रीसाठी ठेवलं होतं गं. म्हटलं, जाताजाता घेईल."

"बर्फ किती होता!" ऑड्री म्हणाली.

आता मात्र व्हर्नाचा तोल गेला. "म्हणजे तुम्ही कुणी वाचलंच नाही! बेव्हर्ली, मग तू रडलीस कशाला?"

"तुला बरं वाटावं म्हणून," बेव्हर्ली हळूच म्हणाली.

व्हर्नाने खिशातली पानं काढून आर्नींच्या हातात ठेवली. त्यांनी बूट काढले, स्वयंपाकघरात जाऊन बसले आणि वाचायला लागले. रस्ते निसरडे होतील, असं म्हणत तिघी उठल्या. जेली तेवढी मागे राहिली.

बऱ्याच वेळाने आर्नी बाहेर आले. "चुकलं," ते म्हणाले. "तिने दार उघडायलाच नको होतं."

"नको कसं? बाहेर बर्फात माणूस मरतोय!"

"मरू दे की! इतकी वर्षं कुठे होता?"

"तुम्हाला काळीज आहे का हो?"

"आहे म्हणून तर सांगतोय, व्हर्नाबाई!"

दिवे लावायची वेळ झाली तरी दोघं भांडतच होती. घरी आलेल्या माणसावर व्हर्ना जन्मात पहिल्यांदा इतकी मनसोक्त ओरडली. मार्गिट गेल्यापासून तिला इतकं बरं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आर्नी आपली लाडकी कादंबरी घेऊन हजर. उशीएवढी जाड, आणि विषय लाकूडतोड. व्हर्नाने मनापासून सुरुवात केली. पण नायक जंगलात पोचायच्या आधीच करवतीच्या दात्यांवर एक आख्खं प्रकरण होतं, आणि त्याच्यापुढे पाइन वृक्षाच्या सालीवर दुसरं. तिसऱ्यात ओंडके वाळत होते. ते वाळेपर्यंत व्हर्नाला रोज झोप लागायची.

आठवड्याने बेल वाजली.

"वाचलीत?" दारातूनच आर्नींनी विचारलं. चेहरा असा आशेने फुललेला की व्हर्नाला खरं सांगवेना.

"वेगळीच आहे हो," ती म्हणाली.

"आणि शेवट?"

"शेवट ना!" व्हर्नाचा हात आपोआप छातीवर गेला. "रडूच आलं मला."

आर्नींनी कोटाच्या खिशात हात घातला, रबर लावलेला, त्याच कादंबरीच्या शेवटच्या पानांचा एक जाडजूड गठ्ठा काढला आणि तिच्या हातात ठेवला.

मग ते खाली वाकून बूट काढायला लागले. "कॉफी टाका," ते म्हणाले. "तुमचं वाचून होईपर्यंत बसतो मी."