व्यंकटराव मामांच्या ट्रॅक्टरची कॉफी

आमचे व्यंकटराव मामा ट्रॅक्टरला कॉफी पाजतात, असं तिरुवैयारुत म्हणतात. खोटं आहे. कॉफी ट्रॅक्टर पीत नाही; त्याच्या मागच्या लहानशा ट्रेलरमध्ये बसून नारळीच्या बागेत फिरून येते.

टम्बलर काठोकाठ भरायचा, डबऱ्यात, म्हणजे त्याच्या खालच्या पसरट वाटीत, ठेवायचा, बांधावरून चक्कर मारायची आणि डबऱ्यात किती सांडली ते वाकून पाहायचं. सांडली, की टायरमधली हवा एक फुसकारा कमी.

"नवऱ्यानं प्यायची कॉफी चाकं पितात!" मामी ओट्यावरून ओरडतात. न्हाणीघरात पडून पाठ दुखावल्यापासून त्यांचं जग त्या ओट्यापुरतंच उरलंय. रिक्षाचा एक हिसकासुद्धा सोसत नाही. बागेतला त्यांनी लावलेला मोगरा त्यांनी वर्षभरात पाहिलेला नाही.

मामा निवृत्त प्राध्यापक. हवा पाहणार ती सकाळीच, रबराला ऊन लागायच्या आत. "तापलेलं टायर खोटं बोलतं रे!" मग चिरा शोधत टायरवरून असा हात फिरवतात, जसा लेकराचा ताप पाहावा. माझ्या पोटाकडे पाहून म्हणतात, "नरसू, तूपण जास्त भरलास."

आयुधपूजेला, म्हणजे खंडेनवमीला, मी तंजावूरहून गेलो. ट्रॅक्टर धुतला आणि हौसेनं ट्रेलरसकट सगळी चाकं पंपानं टणक फुगवली. सणाला तकतकीत दिसायला नकोत? मामांनी अंगठा दाबून पाहिला.

"अय्यो! दगड केलास की! हे मातीत चालायचं चाक. खड्डा यानं गिळायचा, माणसाच्या पाठीनं नव्हे."

"कुणाच्या पाठीनं?"

मामांनी ओट्याकडे पाहिलं. मग काडीनं वाल्व दाबून हवा सोडत एकेका चाकापुढे बसले. पूजेनंतर चिरडायला चाकांखाली ठेवलेली लिंबं ताटकळली, शेजारी हसले, आरतीचा कापूर विझला.

"आता ये," ते मामींना म्हणाले.

"मला भीती वाटते हो."

"वर्षभर कॉफीला बसवून पाहिलंय. तिनं तक्रार केली नाही."

मामी ट्रेलरमध्ये अंथरलेल्या गादीवर बसल्या, हातात भरलेला टम्बलर. लिंबं फुटली. ट्रेलर बांधावरून तराफ्यासारखा निघाला. मी शेजारून चालत होतो, आणि दमलो तो मीच.

मोगऱ्यापाशी मामा थांबले. मागे वळून पाहायचं धाडसच करेनात.

"दुखलं काय?"

मामींनी टम्बलर पुढे केला. काठोकाठ तसाच. "घ्या, गार झाली. आज तरी तुम्ही प्या."

त्या दिवशी कॉफी सांडली ती एकदाच. मामांच्या हातात आल्यावर.