दोन गजांमधले यश

मधल्या सुट्टीत नववीतल्या एका विद्यार्थिनीचे डोके दुसऱ्या मजल्यावरच्या व्हरांड्याच्या कठड्यात, दोन लोखंडी गजांच्या मध्ये अडकले. खाली मैदानात धाकटी बहीण स्वतःचा डबा भलत्याच कुणाला तरी खाऊ घालते आहे, असा तिला संशय होता आणि तो तपासण्यासाठी तिने मान पुढे घातली होती. संशय खरा निघाला. मान मात्र परत येईना, कारण जाताना निमूट गेलेले कान येताना आडवे आले.

मैत्रिणींनी ओढून पाहिले. ती किंचाळली तेव्हा कुठे मुख्याध्यापिका बाहेर आल्या. त्यांनी मुलीकडे एकदा पाहिले आणि मग शाळेचे साप्ताहिक वार्तापत्र मागवून घेतले. मागच्याच अंकात पहिल्या पानावर शाळेला ‘अपघातमुक्त विद्यालय’ हा बहुमान मिळाल्याची बातमी होती.

“म्हणजे हा अपघात नाही,” त्या म्हणाल्या.

“मग काय आहे बाई?” एका मैत्रिणीने विचारले.

“ते ठरवावं लागेल. तोवर कुणी ओढू नका.”

समुपदेशक बाईंना बोलावण्यात आले. पण मुलीचे तोंड होते कठड्याबाहेर. समुपदेशन गोपनीय ठेवण्याचा नियम असल्याने मैदानात उभे राहून ओरडता येत नव्हते. शेवटी बाई व्हरांड्यात खुर्ची टाकून मुलीच्या पाठीशी बोलू लागल्या.

“तुला अडकल्यासारखं वाटतंय ना, बाळा?”

“वाटत नाहीये बाई, अडकलेय.”

“छान! स्वतःची भावना ओळखता येणं ही पहिली पायरी.”

“बाई, कान फार दुखतायत हो.”

“दुखू दे. त्यांना काय सांगायचंय, ते शांतपणे ऐक.”

मुलगी रडली, तिने हात झाडले, पाय आपटले आणि शेवटी दमून ती डोळे मिटून निश्चल राहिली. नेमके त्याच वेळी वार्तापत्राचे संपादक, म्हणजे भूगोलाचे सर, मैदानातून वर पाहत होते. त्यांच्यापुढे वेगळेच संकट होते. मनःस्वास्थ्य सप्ताहाचे प्रकल्प वेळेत पुरे करता करता अर्धा वर्ग आजारी पडला होता आणि त्यामुळे ‘मनःस्वास्थ्य’ हे सदर या आठवड्यात कोरे जाण्याची वेळ आली होती.

“काय ती स्थिरता!” सर पुटपुटले. त्यांनी फोटो काढला.

तासाभरात वार्तापत्राचा विशेषांक पालकांच्या फोनवर पोहोचला. ‘चंचलतेवर मात! नववीच्या विद्यार्थिनीचा स्थिरतेचा नवा विक्रम.’ जुना विक्रम कुणाचा होता, याची सरांनी रीतसर चौकशी केली होती. तो कुणाचाच नसल्याने नवा आपोआप शाळेचा ठरला.

दरम्यान वेल्डर यंत्र घेऊन आला. कुणीतरी अपघात समजून त्याला आधीच फोन केला होता.

“यातला एक गज कापला की पोरगी मोकळी,” तो म्हणाला.

“खबरदार!” मुख्याध्यापिका आडव्या आल्या. “विक्रम चालू आहे.”

“पण मॅडम, ती रडतेय की.”

मुख्याध्यापिकांनी त्याला विशेषांक दाखवला. वेल्डरने तो पूर्ण वाचला, यंत्र खाली ठेवले आणि आवाज उतरवून विचारले, “माझी पोरगी आठवीत आहे. तिचं डोकंही तसं लहानच आहे. शेजारची जागा मोकळी आहे का?”

ती जागा आता सहजासहजी मिळणारी नव्हती. जिन्यात पालकांची रांग लागली होती. पालक संघाचे अध्यक्ष तर लेकाला हाताला धरूनच आले. त्याचे डोके तीन ठिकाणी घालून पाहिले, पण कुठेच शिरेना.

“हा सरळसरळ भेदभाव आहे,” अध्यक्ष कडाडले. “मोठ्या डोक्याच्या मुलांनी काय करायचं? घरी बसायचं?”

शाळेने ही तक्रार सहानुभूतीने ऐकली आणि तसल्या मुलांसाठी ग्रंथालयाच्या खिडकीचे गज वाकवून देण्याचे मान्य केले. हजेरीचाही घोळ झाला. मुलीचे धड शाळेत होते, पण डोके इमारतीच्या बाहेर असल्याने तिला पूर्ण हजर धरता येईना. बऱ्याच खलानंतर तिची अर्धी हजेरी लावण्यात आली. गणिताची चाचणी बुडाली ती बुडालीच.

तेवढ्यात मुलीची आई आली. धाकटीने कार्यालयातून रडत रडत फोन केला होता. शिवणकारखान्यातली पाळी अर्धी टाकून, वाटेत खोबरेल तेलाची बाटली विकत घेऊन ती धापा टाकत जिना चढली.

“सरका सगळे! माझ्या लेकीचं डोकं आहे ते, गंमत नाही.”

“आई!” गजांपलीकडून आवाज आला. दुपारपासून पहिल्यांदाच त्या आवाजात जीव होता. “लवकर काढ गं.”

“आले हो राणी.” आईने बाटलीचे झाकण उघडले आणि तळहातावर तेल ओतून घेतले.

“आता काढताय?” अध्यक्ष हळहळले. “पलीकडच्या शाळेत एकीनं नुकतंच डोकं घातलंय म्हणे. आपली मुलगी सुटली की विक्रम त्यांचा.”

“शाळा सुटेपर्यंत राहिली तर विभागीय पारितोषिक कुठे जात नाही,” मुख्याध्यापिका म्हणाल्या. “अर्थात, निर्णय आईचा.”

आईचा फोन वाजला. जाऊबाईंचा निरोप होता. एरवी वर्षभर साधी खुशालीही न विचारणाऱ्या जाऊबाईंनी विशेषांक पाहून लिहिले होते, ‘भाग्यवान आहात बाई तुम्ही. आमची नुसती घरात लोळत असते.’ आईने तो निरोप दोनदा वाचला. मग तळहातावरचे तेल स्वतःच्याच केसांना पुसले आणि झाकण पुन्हा लावले.

“राणी, अजून थोडंच हं. मी इथंच आहे.”

“आई, मला घरी जायचंय.”

“जायचंय ना. आधी इकडे बघ… नाही, राहू दे, तुला वळता नाही येणार. मीच खाली जाते.”

आई खाली मैदानात गेली आणि तिने स्वतः फोटो काढला. विशेषांकाची दुसरी आवृत्ती त्याच फोटोसह निघाली. त्यात मुलीचे तोंड उघडे आहे आणि गालांवर ओघळ आहेत. खाली भूगोलाच्या सरांनी ‘आनंदाश्रू’ असे छापले आहे.

तो अंक तुमच्याही फोनवर आला. तुम्ही अभिनंदन कळवलेत, चार जणांना पुढे पाठवलात आणि मग शेजारी अभ्यासाला बसलेल्या आपल्या मुलीच्या डोक्याकडे बराच वेळ अंदाज घेत बघत राहिलात.