काळजीबाई कायम झाल्या

डॉक्टरांनी अरुंधती भोईटे यांना चिंताविकार असल्याचं लिहून दिलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला त्यांची काळजी नियुक्तिपत्र घेऊन दारात उभी राहिली. सुती साडी, खांद्याला पिशवी, पिशवीत जेवणाचा डबा.

अरुंधतीबाई फलटणला मुलींच्या शाळेत गणित शिकवत. त्यांनी पत्र दोनदा वाचलं. त्यात नियमाबाहेरचं काही नव्हतं.

"पण तुम्ही तर आधीपासून आहात," त्या म्हणाल्या.

"एकोणीस वर्षं. पण रोजंदारीवर," काळजीबाई म्हणाल्या. "रोजंदारीला वेळ नसते, मॅडम. बोलावतील तेव्हा हजर, न बोलावता पण हजर. काल निदान झालं, मी कायम झाले. आता दहा ते साडेपाच. रविवारी सुट्टी, दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी."

"आणि साडेपाचनंतर?"

"नंतरचं तुमचं तुम्ही बघा."

काळजीबाई कामाला पक्क्या होत्या. शाळेत त्या शेवटच्या बाकावर बसत आणि नववी ब चा तास सुरू झाला की अरुंधतीबाईंच्या छातीत धडधड सुरू करत. खडू हातातून सुटे. बाई फळ्याकडे तोंड करून उभ्या राहत, डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे चार आकडे मोजत श्वास घेत, सहा आकडे मोजत सोडत, आणि मग उरलेलं समीकरण सोडवत. मुलींना वाटे, बाई मनात हिशेब करतात.

साडेपाचला काळजीबाई डबा पिशवीत टाकून निघून जात. पहिल्या दिवशी अरुंधतीबाई स्वयंपाकघरात नुसत्या उभ्या राहिल्या. ईश्वरीला, त्यांच्या मुलीला, क्लासहून यायला अर्धा तास उशीर झाला होता. एरवी एव्हाना त्यांनी तीन मैत्रिणींना फोन केले असते. आज फोन हातात घेतला, पण कामावर कुणीच नव्हतं. त्यांनी कागदावर 'ईश्वरी, उशीर' एवढं लिहून ठेवलं आणि भुईमुगाच्या शेंगा फोडून खात बसल्या. सकाळी दहाला काळजीबाईंनी कागद वाचला आणि शिळं म्हणून बाजूला ठेवला.

प्रल्हादरावांना, म्हणजे त्यांच्या यजमानांना, हे सगळंच पसंत नव्हतं. त्यांचं पाण्याच्या मोटारींच्या रिवाइंडिंगचं दुकान होतं. वडिलांच्या पाठीमागे त्यांनीच ते चालवलेलं. "निदानच करून घ्यायला नको होतं," ते म्हणत. "नसती ब्याद कायम करून घेतलीस. काळजी काय, करायची नाही म्हटलं की नाही."

जुलैत ईश्वरीला रत्नागिरीला मत्स्यविज्ञानाच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. गुरुवारी तिला वसतिगृहावर सोडायला जायचं होतं. अरुंधतीबाई सहा वर्षांत एसटीत बसल्या नव्हत्या. आईच्या वर्षश्राद्धालासुद्धा त्या घरीच राहिल्या होत्या.

"तू आणि पप्पा जा," त्या म्हणाल्या.

ईश्वरी बॅग भरत होती. तिने वर पाहिलं नाही. "दहावीच्या सत्काराला पण हेच म्हणाली होतीस."

 अरुंधतीबाईंनी बाहेर येऊन काळजीबाईंना विचारलं, "तुम्हाला रजा मिळते का?"

"मिळते. शिल्लक आहे. पण माझा कार्यभार कुणीतरी घ्यायला हवा. घरातलंच माणूस लागतं, आणि त्याची सही."

प्रल्हादरावांनी हसत सही केली. "चार दिवसांचा तर प्रश्न आहे. आणा इकडे."

काळजीबाईंनी त्यांना बेचाळीस काळज्या मोजून दिल्या आणि बुधवारी संध्याकाळी त्या रजेवर गेल्या.

गुरुवारी सकाळी प्रल्हादरावांनी घराचं कुलूप पाच वेळा ओढून पाहिलं. स्टँडवर जाऊन ते परत आले आणि गॅस बघून गेले. कराडला गाडी बदलल्यावर त्यांनी ड्रायव्हरला ब्रेकबद्दल विचारलं. ड्रायव्हर म्हणाला, "आहेत की." आंबा घाट सुरू झाला तेव्हा त्यांनी पुढच्या सीटची दांडी दोन्ही हातांनी धरली. शर्ट पाठीला चिकटला होता.

"अरू, मला श्वास घेता येत नाही," ते हळूच म्हणाले. "मी मरतोय बहुतेक."

"मरत नाही. असंच वाटतं." अरुंधतीबाईंनी त्यांचा एक हात दांडीवरून सोडवून स्वतःच्या हातात घेतला. "माझ्याबरोबर मोजा. चार आत. सहा बाहेर."

त्यांनाही दरीकडे बघून भीती वाटत होती. पण ती साधी भीती होती, ती काळजीबाईंच्या पदाच्या कामात येत नाही.

घाट उतरेपर्यंत दोघं मोजत राहिले. साखरप्याला गाडी थांबली तेव्हा प्रल्हादरावांनी विचारलं, "तुला रोज हे असं होतं?"

"दहा ते साडेपाच."

"आणि आधी?"

"आधी वेळ नव्हती."

प्रल्हादराव खिडकीबाहेर बघत राहिले. चहा आला तो त्यांनी घेतला नाही.

वसतिगृहाच्या दारात त्यांनी ईश्वरीला समुद्र, विंचू, उघड्या वायरी आणि अनोळखी माणसं यांबद्दल सतरा सूचना केल्या. ईश्वरीने सगळ्या ऐकून घेतल्या आणि मग आईकडे पाहिलं. अरुंधतीबाईंनी तिच्या खांद्यावरचा बॅगेचा पट्टा सरळ केला.

"आलीस ना," ईश्वरी म्हणाली.

"आले," त्या म्हणाल्या.

सोमवारी दहाला काळजीबाई रुजू झाल्या. प्रल्हादरावांनी सगळ्या काळज्या टेबलावर ठेवल्या. काळजीबाईंनी मोजल्या, परत मोजल्या.

"साहेब, मी बेचाळीस दिल्या होत्या. या एकाहत्तर आहेत."

"प्रवासात वाढल्या असतील."

"नाही. या एकोणतीस मॅडमच्या नाहीत." त्यांनी त्यातल्या काही उजेडात धरल्या. "दुकान चालेल का. आपल्यामागे दोघींचं काय. छातीत दुखतंय ते सांगावं का. जुन्या आहेत, कडा झिजल्यात. तुमच्याकडे कुणीतरी रोजंदारीवर आहे, साहेब. खूप वर्षं."

"माझ्याकडे कुणी नाही."

"मोटारींच्या आवाजात ऐकू येत नसेल."

प्रल्हादराव खुर्चीवर बसले. अरुंधतीबाईंनी शाळेची पर्स खाली ठेवली. 

"कायम करायला काय लागतं?" प्रल्हादरावांनी विचारलं.

"निदान," काळजीबाई म्हणाल्या.

अरुंधतीबाईंनी दवाखान्याचा नंबर लावला आणि फोन त्यांच्या हातात दिला. तिकडच्या मुलीने नाव विचारलं, वय विचारलं. ते त्यांनी सांगितलं. मग तिने विचारलं, कशासाठी दाखवायचंय.

"एक जण आहे, त्याला कायम करायचं आहे," प्रल्हादराव म्हणाले.

"रोजंदारीवर किती वर्षं झाली?"

प्रल्हादरावांनी भिंतीकडे पाहिलं. "वडील गेले त्या दिवसापासून."

फोनवर पानं उलटल्याचा आवाज आला. मुलीने गुरुवारी सव्वाअकराची वेळ दिली आणि येताना आधार कार्डाची प्रत आणायला सांगितली.