पिसं झडताना शिकलेलं गाणं

हृदयाचं ऑपरेशन होऊन घरी आलेल्या पार्जोनोला दोनच गोष्टींची ओढ होती: मिरच्या वाटून केलेलं झणझणीत सांबल आणि आपला शामा पक्षी. सांबल डॉक्टरांनी बंद केलं होतं. शामाला मात्र महिनाभर स्वतःच्या घरी सांभाळून तुगिमान काल संध्याकाळी पिंजऱ्यासकट आणून पोचवून गेला होता.

तुगिमान त्याचा पहिलीपासूनचा मित्र. इस्पितळात त्याने पार्जोनोचं अंग पुसलं, भांडं उचललं, पेज भरवली आणि निम्मी स्वतः खाल्ली. वर रोज विचारायचा, "नक्की मरतोयस का रे? म्हणजे तुझी मोटरसायकल धुवून ठेवायला बरी." महिनाभरात त्याच्या डोळ्यांत पाण्याचा टिपूस आला नाही. पार्जोनोला ते कुठेतरी लागलं होतं.

त्यात त्याच महिन्यात पक्ष्याची नेमकी पिसं झडत होती. क्लातेन गावातलं शेंबडं पोरही सांगेल, की या दिवसांत पिंजरा झाकायचा आणि शेजारी उत्तम गाणाऱ्या पक्ष्यांची कॅसेट लावायची. तेव्हा कानावर पडेल ते शामा जन्मभर गातो. रविवारी सोलो शहरात गाणाऱ्या पक्ष्यांची स्पर्धा होती. यंदा करंडक आणणारच, असं पार्जोनोने भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही बजावलं होतं.

"कॅसेट लावत होतास ना?" त्याने काल विचारलं.

"दिवसभर," म्हणत तुगिमान चहा न घेता निघून गेला. तुगिमान चहा सोडून जातो म्हणजे पाणी कुठेतरी मुरतंय, हे खरं तर तेव्हाच कळायला हवं होतं.

सकाळी बायको बाजारात गेली. पार्जोनोने पिंजऱ्यावरचा कपडा काढला आणि तो आंघोळीला गेला. शामाने पंख झटकले आणि सुरुवात केली. एक हुंदका, दोन उचक्या, मग लांबलचक नाक शिंकरणं. पुन्हा पहिल्यापासून.

भिंतीपलीकडे लास्त्रीमावशी तांदूळ निवडत होत्या. घरात हृदयाचा रोगी, आणि सकाळी सकाळी असलं रडणं! दुसरा काही अर्थ काढला असता तर गल्लीने त्यांनाच वेड्यात काढलं असतं. त्या तडक मशिदीकडे धावल्या.

पार्जोनो डोक्यावर पाणी ओतत असताना भोंगा वाजला. कोणीतरी गेलं होतं. त्याने सवयीने "इन्ना लिल्लाही" पुटपुटलं, "बिचारा" असंही म्हटलं. मग नाव ऐकलं.

लुंगी गुंडाळून तो बाहेर येईस्तोवर अंगणात ताडपत्री ताणली होती, खुर्च्या मांडून झाल्या होत्या, आणि बायका तांदळाची घमेली घेऊन चुली पेटवत होत्या.

"बाजूला हो बाबा, मयताची माणसं बसतील," पाठमोऱ्या एकाने त्याला सरकवलं.

"मीच मयत आहे."

सगळे गर्रकन वळले. "अगं बाई!" लास्त्रीमावशी म्हणाल्या. "मग रडतंय कोण?"

तेवढ्यात कबरस्तानातून कुदळ घेऊन एक जण आला. "अर्धा खड्डा झालाय. पुढे खणू का थांबू?"

"थांब," पार्जोनो म्हणाला.

"कायमचं?"

"सध्या."

इतक्यात तुगिमान आला. एक चप्पल पायात, दुसरी हातात. कोणाकडेही न बघता तो थेट खोलीत घुसला. पलंगावर चादरीखाली पार्जोनोचा लांबलचक लोड होता. तुगिमानने त्याला घट्ट मिठी मारली.

"अरे गाढवा! नको रे मला तुझी मोटरसायकल!"

एक हुंदका. दोन उचक्या. मग लांबलचक नाक शिंकरणं.

ओसरीवरून पिंजऱ्याने तस्सं उत्तर दिलं. सगळी गल्ली आधी पिंजऱ्याकडे आणि मग खोलीकडे बघायला लागली.

"कॅसेट लावत होतास ना?" दारातून पार्जोनोने विचारलं.

तुगिमानने मान वर केली. त्याच्याकडे बघितलं, मग लोडाकडे, मग पुन्हा त्याच्याकडे. "सर्दी झाली होती," तो म्हणाला.

"महिनाभर?"

"मग काय, इस्पितळात तुझ्यासमोर रडू? घाबरून मेला असतास. घरी यायचो, पिंजऱ्यापाशी बसायचो. तुझं तेवढंच होतं माझ्याकडे." त्याने चादरीला नाक पुसलं. "तुझा करंडक घालवला मी."

पार्जोनो पलंगावर त्याच्याशेजारी बसला. मग म्हणाला, "चादर धुवून दे."

भात शिजलाच होता. मौलवींनी दुआ थोडी फिरवून घेतली आणि गल्ली मयताच्या पंगतीला मयताबरोबरच जेवली.

रविवारी पार्जोनो पिंजरा घेऊन सोलोला गेलाच. शामाचा शेवटचा नंबर आला. पंच मात्र त्याच्या पिंजऱ्याखालून हलेनात.

"इतक्या वर्षांत असं गाणं ऐकलं नाही," ते म्हणाले. "कुठल्या पक्ष्याकडून उचललंय?"

पार्जोनोने मांडवाच्या टोकाला उभं राहून केळ्याची भजी खाणाऱ्या तुगिमानकडे बोट दाखवलं. करंडकाकडे दाखवावं, तसं.