बोडके काका आणि सुटणारं वायफाय

बोडके काकांच्या घरात बंद पडलेली कोणतीही वस्तू कारण कळल्याशिवाय पुन्हा चालू होत नाही. मिक्सर थांबला तर तो का थांबला हे सापडेपर्यंत चटणी अर्धवट वाटलेली राहते. एकदा आमच्या इमारतीची लिफ्ट दोन मजल्यांच्या मधोमध अडकली. आत सोसायटीचे चिटणीस. ते दार बडवत होते आणि काका बाहेरून शांतपणे विचारत होते, “थांबायच्या आधी आवाज कसला आला? नीट आठवा. घाई नाय.”

काकांचा जन्म एकलहऱ्याच्या वीज केंद्रात, कंट्रोल रूममध्ये गेला. तिथला नियम असा की युनिट ट्रिप झालं, म्हणजे आपणहून बंद पडलं, की आधी कारण लिहायचं, मगच चालू करायचं. बाकीची माणसं निवृत्त होताना नियम तिथेच ठेवून येतात. काकांनी तो घरी आणला. सकाळी गॅलरीत उभं राहून ते लांब वीज केंद्रावरच्या वाफेकडे बघतात आणि “आज दोनच युनिटं चालू हायेत” असं सांगतात. लोक ढग बघून पावसाचं बोलतात तसं.

खरं सांगायचं तर मला हा माणूस सोसायचा नाही. मी पत्रकं लिहिते. माझ्या पत्रकात पहिल्या ओळीत आरोप असतो, दुसऱ्या ओळीत मागणी. कारणं शोधत बसायला आमच्याकडे वेळ नसतो. तेवढ्यात समोरचा माणूस भूखंड गिळून मोकळा होतो. आणि त्या वेळी तर खरोखरच गिळायला निघाले होते. आमच्या वसाहतीमागचं मैदान वाहनतळासाठी द्यायचं घाटत होतं. हरकती ऑनलाइन द्यायच्या, एकेक वेगळी, शेवटच्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत. मी दारोदार फिरून चाळीसेक हरकती हाताने लिहून आणल्या होत्या. शेवटचा दिवस उजाडला आणि माझ्या लॅपटॉपचं वायफाय सुटायला लागलं.

सुटायचं म्हणजे कसं? लॅपटॉप बंद करून चालू केला की यायचं. दोन हरकती चढायच्या, तिसरीला गायब. पुन्हा बंद, पुन्हा चालू. दुपार झाली तरी जेमतेम नऊ. गुन्हेगार मला ठाऊक होता: इंटरनेट कंपनी. मी त्यांच्या नावे सात मुद्द्यांची तक्रार लिहिली आणि जिन्यात भेटले म्हणून काकांना वाचून दाखवली.

ते शेवटपर्यंत ऐकून म्हणाले, “तपास कधी केला?”

“काका, उघड आहे सगळं.”

“आरोपपत्र तयार, पंचनामा बाकी. बरं चाललंय पुढारी तुमचं.” मग हात पुढे केला. “आण तो लॅपटॉप माझ्याकडं. चालू नको करू. हाय तसंच आण.”

दुसरा उपाय नव्हता म्हणून गेले.

त्यांच्या हॉलमध्ये थंडीतलं पिवळं ऊन फरशीवर सांडलं होतं. खिडकीपाशी दिवाणावर सुमनकाकू मेथी निवडत होत्या. एक पान ताटात, एक पान मांडीवर, एक नुसतंच हातात. काकू गेली दोनेक वर्षं विसरत चालल्या आहेत. वसाहतीत हे सगळ्यांना माहीत आहे आणि सगळे त्यांना पूर्वीसारखीच हाक मारतात.

काकांनी आधी आपल्या वायफायला माझा फोन जोडला. टिकला. मग तपासापुरता लॅपटॉप चालू करून जोडला. पाच मिनिटांत गेला.

“तुझ्या घरी जातं, माझ्या घरी जातं. माझी कंपनी वेगळी. मग कोणाचं चुकलं?”

मी तक्रारीचा कागद घडी घालून बाजूला ठेवला.

पुन्हा जोडून राउटरच्या अगदी शेजारी ठेवून पाहिलं. तिथेही गेलं. मी बटणाकडे हात नेला तशी काकांनी माझ्या मनगटावर हलकेच टिचकी मारली. “कारण?”

“काका, पाचला संपतंय सगळं.”

“म्हणूनच. आता हात मांडीवर ठेव आणि बघ.”

तपासापुरता लॅपटॉप त्यांनीच पुन्हा चालू केला; ते सांगतील तेव्हा दोन ओळी टाइप करायच्या, एरवी हात मांडीवर. मी चिडून बसले. पण ती दुपारच विचित्र होती. पंखा बंद, पडदा श्वास घेतल्यासारखा आत-बाहेर, लांब क्षितिजावर वाफेचा पांढरा खांब, आणि स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या वायफायच्या छोट्या खुणेवर खिळलेले आम्ही दोघं. काका एखादं झोपलेलं तान्हं मूल बघावं तसे त्या खुणेकडे बघत होते. हळूहळू माझाही राग कुठेतरी खाली बसला, चहातल्या चोथ्यासारखा. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. घड्याळ म्हणत होतं, वीस मिनिटं.

“दिसलं?” काका म्हणाले. “तू टाइप करतीस तोवर टिकतं. तू कागद वाचत बसलीस की जातं. त्याला वाटतं, बाई गेली.”

मग त्यांनी मला सेटिंगमध्ये खोल खोल नेलं, वायरलेस कार्डाच्या पानापर्यंत. तिथे एक चौकोन होता आणि त्यात बरोबरची खूण. वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची मुभा, असा त्याचा अर्थ.

काकांनी ती ओळ बोट ठेवून पुन्हा वाचली.

“वीज वाचवायला,” ते म्हणाले. “आमचा जन्म गेला ती बनवण्यात. आणि हे एवढंसं पोर कोपऱ्यात बसून कणकण वाचवतंय. गुणाचं हाय बिचारं.” मग माझ्याकडे वळून, “काढ ती खूण. आज नको वाचवू म्हणावं.”

खूण काढली. खिडकी उघडल्यावर कबुतरं उडावीत तशा हरकती निघाल्या. काका कागद वाचून देत होते, मी चढवत होते. सात मुद्द्यांची तक्रार मी कोणाला न विचारता फाडली. काकांनी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

तीस झाल्या असतील, तेव्हा काकूंचे हात थांबले. त्या काकांकडे बघत होत्या, अनोळखी माणसाकडे बघावं तशा.

“आपण कोण?”

काका उठले. शर्टाचं वरचं बटण लावलं. आणि ज्या माणसाच्या तोंडून मी कधी ‘आहे’ ऐकलं नव्हतं तो एकेक शब्द पुसून ठेवल्यासारखा बोलला, “नमस्कार. मी बोडके. एकलहऱ्याला असतो, पॉवर हाऊसला. बसलो तर चालेल का?”

“बसा ना,” काकू म्हणाल्या.

काका समोरच्या खुर्चीत अंतर ठेवून बसले. मी हळूच विचारलं, “असं दिवसातून किती वेळा होतं?”

“लिहून ठेवत नाय,” ते म्हणाले. “वाच पुढची.”

साडेचारला कागद संपले. काका म्हणाले, “हिची राहिली.”

मी काकूंजवळ जाऊन बसले. नाव विचारलं.

“सुमन शिंदे. रेल्वे क्वार्टर, मनमाड.”

ते माहेर. लग्नाआधीचं नाव, लग्नाआधीचं घर. बाहेरगावचा पत्ता म्हणजे हरकत बाद, हे मीच घरोघरी बजावत फिरले होते. काकांनी कपाटातून काकूंचं आधार कार्ड काढून माझ्यापुढे ठेवलं. “नाव-पत्ता यातला घाल. बाकी ती म्हणंल ते.”

“काकू, मागचं मैदान राहावं का?”

काकूंनी मेथीची काडी मोडली. “तिथं संध्याकाळी कोणीतरी माझ्याबरोबर चालतं. माझ्याइतकंच हळू. मैदान गेलं तर तो माणूस चालायला कुठं जाईल?”

मी शब्दन् शब्द तसाच टाइप केला. त्यात आरोप नव्हता, मागणीही नव्हती. पाचला दहा कमी असताना हरकत पोचल्याची पावती आली. मैदानाचा निकाल अजून लागलेला नाही.

मी लॅपटॉप मिटत होते तेव्हा काकू माझ्या कानाशी वाकल्या, पण बोलल्या सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं.

“हे गृहस्थ रोज येतात. चांगले आहेत. लग्न झालंय का त्यांचं?”

“झालंय,” काका म्हणाले. “मुलगी मनमाडची आहे.”

“मग घरी वाट बघत असेल ती.”

“बघत असेल,” काका म्हणाले. “थोडा वेळ बसतो, मग जातो.”